वेदनेची शब्दकळा आणि तिचे भाषांतर : अहमदनगर जिल्ह्याचा संदर्भ

१

शारीरिक वेदना भाषेचा विध्वंस करते, तीव्र वेदनेत माणूस भाषापूर्व आरोळीपर्यंत मागे ढकलला जातो, हा सिद्धांत इलेन स्कॅरी यांनी ‘द बॉडी इन पेन’ (१९८५) या ग्रंथात मांडला आणि तेव्हापासून वेदना व भाषा यांच्या संबंधाची बहुतेक चर्चा या सिद्धांताच्या बाजूने किंवा विरोधात होत आली आहे. त्याच्या सुमारे साठ वर्षे आधी, १९२६ मध्ये, व्हर्जिनिया वुल्फ यांनी आजारपणावरील आपल्या निबंधात इंग्रजीविषयी जवळजवळ हीच तक्रार केली होती. प्रेमात पडलेल्याला बोलायला इंग्रजीत थोर कवींचे शब्द तयार असतात. डोके दुखणाऱ्या माणसाला मात्र वैद्यासमोर शब्द सापडत नाहीत, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. १९७५ साली रोनाल्ड मेल्झॅक यांनी मॅकगिल विद्यापीठात तयार केलेली सुप्रसिद्ध प्रश्नावली हे एका अर्थाने या तक्रारीला वैद्यकाने दिलेले उत्तर होय. तिच्यात वेदनावाचक ७८ इंग्रजी विशेषणांची २० गटांत विभागणी केली आहे आणि रुग्णाने त्यांतून आपली वेदना निवडायची आहे.

हे तिन्ही युक्तिवाद इंग्रजी भाषेच्या अनुभवातून आलेले आहेत. ते सार्वत्रिक म्हणून स्वीकारले गेले, याचे एक कारण असे की, ‘पेन’ या शब्दाला सर्व भाषांत एकेक नेमका प्रतिशब्द असतो असे गृहीत धरले गेले. मराठीत तो प्रतिशब्द ‘वेदना’ असा ठरला आहे. परंतु ‘पेन म्हणजे वेदना’ हे समीकरण नैसर्गिक नाही. ते इतिहासात घडले आहे. या घडणीचा माग काढायला अहमदनगर जिल्ह्याइतका (२०२४ साली त्याचे अहिल्यानगर असे नामांतर झाले) सोयीचा भूभाग दुसरा क्वचित असेल. नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली. निजामशाहीची राजधानी याच शहरात होती. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये येथे ठाणे उघडले. लक्ष्मीबाई टिळकांचा उत्तरायुष्याचा मोठा भाग या जिल्ह्याशी बांधलेला होता, आणि दया पवारांचे धामणगाव याच जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात आहे. वेदनेच्या शब्दांनी अर्थ बदलल्याचे चार-पाच महत्त्वाचे क्षण या एका जिल्ह्याच्या परिघात सापडतात.

२

इतिहासाकडे वळण्यापूर्वी भाषेच्या रचनेतील एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. इंग्रजीतील प्रमुख वेदनावाचक शब्द बहुतांशी नामे आहेत आणि त्यांच्या व्युत्पत्तींमध्ये एक विशिष्ट जगद्‌दृष्टी साठलेली आहे. ‘पेन’ हा शब्द लॅटिनमधील दंडवाचक शब्दापासून फ्रेंचमार्गे आला. वेदना ही मुळात शिक्षा आहे. ‘ग्रीफ’च्या मुळाशी जडपणा आहे, ‘अँग्विश’च्या मुळाशी अरुंदपणा, तर ‘अ‍ॅगनी’च्या मुळाशी ग्रीकांची स्पर्धा वा झुंज. ‘पॅशन’ आणि ‘पेशंट’ हे दोन शब्द सोसणे या एकाच धातूची अपत्ये आहेत. ‘एक’, ‘सोअर’, ‘स्मार्ट’ हे जुने जर्मानिक शब्द घरगुती दुखण्यासाठी राहिले, आणि धर्म, न्याय व वैद्यक यांच्या व्यवहारात लॅटिन कुळातील नामांनी जागा घेतली. एम. ए. के. हॅलिडे यांनी १९९८ मधील आपल्या लेखात दाखवले आहे की, इंग्रजी व्याकरण वेदनेला कधी क्रिया, कधी गुण, कधी वस्तू म्हणून मांडते आणि या अस्थिरतेतच वेदनेचे स्वरूप दिसते. तरीही दवाखान्यातील इंग्रजी तिला प्रामुख्याने वस्तू करते: माणसाजवळ डोकेदुखी ‘असते’, तो वेदने‘मध्ये’ असतो.

मराठी बोलीचा कल क्रियापदाकडे आहे. ‘माझे डोके दुखते’ या वाक्यात डोके हा कर्ता आहे. ‘मला दुखते’ यात अनुभवणारा चतुर्थीत जातो, जसा तो ‘मला कळते’, ‘मला आवडते’ यांत जातो. ज्या ठिकाणी नाम येते तिथेही ते मालकीचे नसते. ते पाहुण्यासारखे येते-जाते. कळ येते, चमक निघते, उसण भरते, ठणका लागतो, वेणा येतात, सल राहतो. शिवाय प्रत्येक अवयवाची आपली क्रिया आहे. घसा खवखवतो, डोळे चुरचुरतात, गळू ठसठसते, जखम चरचरते, कान ठणकतो, छातीत जळजळते, तापाआधी अंगात कसकस येते, उन्हाने तळपाय भगभगतात. या शब्दांत ध्वन्यनुकारी आणि अभ्यस्त शब्दांचे प्रमाण मोठे आहे. ‘ठणक’ आणि ‘ठसठस’ यांत नाडीचा ठोका ऐकू येतो, ‘चरचर’मध्ये तापलेल्या तव्यावरचे पाणी. मेल्झॅक यांच्या प्रश्नावलीत जे काम विशेषणे करतात ते येथे क्रियापदे करतात. रुग्णाला ‘दुखणे कशासारखे आहे’ असे विचारावेच लागत नाही. दुखणे काय करते आहे हे तो आधीच सांगून मोकळा होतो.

या बोलीच्या मागे एक शास्त्रीय परंपराही आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात व्रणाच्या वेदनांची टोचणे, फोडणे, कापणे, जळणे अशी क्रियानुसारी मोजदाद केलेली आहे. ‘शल्य’ म्हणजे देहात रुतलेले बाणाचे टोक किंवा काटा. वैद्यकात त्याची ‘शल्यचिकित्सा’ झाली, मराठी बोलीत त्याचाच ‘सल’ झाला आणि तो मनात राहू लागला. ‘शूल’ हे आधी शस्त्र, मग पोटदुखी. देह आणि मन यांच्या दुखण्यांची सीमारेषा मराठीने शब्द बदलून आखली नाही. एकच शब्द तिने दोन्ही बाजूंना वापरला. मन खुपते, तसा डोळाही खुपतो. बोलणे झोंबते, तशी मिरचीही झोंबते. या व्यवहाराला अपवाद एकच, पण तो फार बोलका आहे. शिष्ट लेखनात मनाचे ते ‘दुःख’ विसर्गासह लिहिले जाते, आणि देहाचे ‘दुखणे’, ‘दुखापत’, ‘दुखणाईत’ विसर्गाशिवाय. एकाच मूळ शब्दाचे दोन वाटे झाले. संस्कृत वेशातील वाटा मनाला मिळाला, प्राकृत वेशातील देहाला.

‘वेदना’ या शब्दाचेही असेच झाले. त्याचा प्राकृतमार्गे आलेला तद्भव ‘वेण’, अनेकवचनी ‘वेणा’, हा मराठीत केवळ बाळंतकळांसाठी उरला. म्हणजे तो सुइणीच्या आणि घरातील स्त्रियांच्या भाषेत राहिला. तत्सम ‘वेदना’ ग्रंथात राहिला. पुढील इतिहासात ‘पेन’चा जोडीदार म्हणून निवडला गेला तो ग्रंथातला शब्द. ज्या शब्दाने मराठी स्त्री सर्वांत तीव्र शारीरिक अनुभव सांगत होती, तो निवडला गेला नाही.

३

शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९० मध्ये प्रवरेच्या काठी, नेवाशात, ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. गीतेच्या सातव्या अध्यायात भक्तांचे जे चार प्रकार सांगितले आहेत, त्यांतील पहिला ‘आर्त’, म्हणजे पीडित. संस्कृतातील हा शब्द मराठी संतवाङ्मयात मात्र वेगळ्या अर्थाने रुजला. तिथे ‘आर्त’ म्हणजे उत्कट इच्छा, ओढ. पीडेचा शब्द अभिलाषेचा झाला. हा बदल केवळ कोशगत नाही. भक्तीच्या भाषेने दुखण्याच्या शब्दांना दिशा दिली. दुखणे कोणाकडे तरी वळलेले असते असे तिने मानले. ‘तळमळ’ या शब्दाची पुढील वाटचालही अशीच झाली. पाण्याबाहेरच्या माशाची किंवा तापातल्या रोग्याची तळमळ संतकवितेत भक्ताची झाली आणि आजच्या भाषेत ती कार्यकर्त्याचीही होते.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायातील अहिंसेचे विवरण या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. तेथे यज्ञातील हिंसेबरोबरच औषधोपचारातील हिंसेवरही ज्ञानेश्वर बोट ठेवतात. एकाची पीडा दूर करण्यासाठी झाडांची मुळे खणणे, साली सोलणे, जीव मारणे याला अहिंसा कसे म्हणावे, असा तेथील प्रश्न आहे. बोलू न शकणाऱ्याच्या दुखण्याची दखल घेणारी ही भूमिका आहे. ज्याला भाषा नाही त्यालाही दुखते, आणि त्याचे दुखणे ओळखण्याची जबाबदारी पाहणाऱ्यावर आहे. स्कॅरी यांच्या सिद्धांतात दुसऱ्याची वेदना ही नेहमीच संशयास्पद असते. स्वतःची वेदना निश्चित, दुसऱ्याची अनिश्चित. नेवाशाच्या ग्रंथात हा संशय ज्ञानाचा प्रश्न राहत नाही. तो आचरणाचा प्रश्न होतो, आणि पाऊल कसे टाकावे येथपर्यंत जातो.

संतपरंपरेने दुखण्याची यादीही केली. रामदासांच्या दासबोधातील तिसऱ्या दशकात त्रिविध तापांवर स्वतंत्र समास आहेत आणि आध्यात्मिक तापाच्या समासात देहाच्या व्याधींची लांबच लांब नामावळी येते. तिच्यामागे वैराग्याचा उपदेश आहे हे खरे. पण ती नामावळी मराठी गावातल्या बोलीने भरलेली आहे. उपदेशाला पुरावा हवा होता, आणि पुरावा संस्कृत परिभाषेतून नव्हे तर घराघरातल्या दुखण्यांतून घ्यावा लागला.

मधल्या काळात आणखी एक प्रवाह मिसळला. निजामशाहीच्या काळात दरबार आणि कचेरी यांच्याबरोबर फारसी-अरबी शब्द नगरच्या परिसरात स्थिरावले. ‘जखम’, ‘इजा’, ‘तकलीफ’, ‘दर्द’ हे त्यांपैकी काही. ‘हाल’ हा अरबी शब्द मुळात केवळ स्थिती सांगणारा. मराठीत ‘हाल’ म्हणजे वाईट स्थिती, छळ. ‘गम’ म्हणजे शोक. मराठीत ‘गम खाणे’ म्हणजे धीर धरणे. उलट दिशेने संस्कृतातील ‘त्रास’, ज्याचा अर्थ भय, तो मराठीत कटकट आणि पीडा यांचा वाचक झाला. सूफी आणि वारकरी या दोन्ही परंपरांशी नाते सांगणारे श्रीगोंद्याचे शेख महंमद ज्या समाजात लिहीत होते, त्या समाजाच्या तोंडी शोकाचे दोन्ही शब्दसमूह होते. मराठीतील वेदनेची शब्दकळा शुद्ध देशी आहे असा आग्रह यामुळे टिकत नाही. तिचे वैशिष्ट्य तिने घेतलेल्या शब्दांना दिलेल्या वळणात आहे.

४

एकोणिसाव्या शतकात प्रथमच या शब्दांना इंग्रजीसमोर उभे राहावे लागले. त्याला अपवाद म्हणून फादर स्टीफन्स यांचे नाव घेता येईल. मातृभाषा इंग्रजी असलेल्या या जेझुइटाने १६१६ मध्ये राशोल येथे छापल्या गेलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त येशूच्या यातना ओवीत सांगितल्या, पण ते काम पुराणपरंपरेत शिरून केलेले होते, शब्दास शब्द लावून नव्हे. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश (१८४७) यांनी शब्दास शब्द लावण्याचे काम केले. या दोन कोशांच्या दिशा वेगळ्या होत्या, आणि त्या भेदाचे परिणाम दूरगामी ठरले.

मोल्सवर्थ यांचा कोश मराठीकडून इंग्रजीकडे जातो. बोलीतील, ग्रामीण आणि ‘असभ्य’ मानले जाणारे शब्दही त्यांनी आग्रहाने घेतले, आणि म्हणून दुखण्याच्या ध्वन्यनुकारी क्रियापदांना त्यात जागा मिळाली. तिथे इंग्रजीला वाकावे लागते. एका मराठी शब्दासाठी तीन-चार इंग्रजी शब्द किंवा अख्खे वाक्य खर्च करावे लागते. इंग्रजीकडून मराठीकडे जाणाऱ्या कोशात परिस्थिती उलटते. तिथे प्रत्येक इंग्रजी नामासमोर मराठी नाम लिहिणे भाग असते. ‘ठसठसते’ हे क्रियापद ‘पेन’समोर लिहिता येत नाही. मग नामांचा मोठा साठा जिथे आहे त्या संस्कृताकडे कोशकार, पाठ्यपुस्तककार आणि अनुवादक वळतात: वेदना, व्यथा, यातना, पीडा, क्लेश. हे शब्द मराठीत आधीपासून होते. नवीन होती ती त्यांची बढती. शाळा, मिशन आणि सरकार यांच्या गद्यात ही नामे प्रमाण ठरली आणि क्रियापदे ‘बोली’ ठरली.

अहमदनगर हे या गद्याच्या घडणीचे एक प्रमुख केंद्र होते. १८४२ साली ‘ज्ञानोदय’ येथूनच निघाले. मिशनच्या शाळा आणि उपासना यांतून ख्रिस्ती मराठीची एक स्वतंत्र परिभाषा तयार झाली. तिच्यातील ‘दुःखसहन’ हा शब्द विशेष लक्षणीय आहे. येशूच्या ‘पॅशन’साठी तो योजला गेला. ‘पॅशन’मध्ये सोसणे आहे, पण आधुनिक इंग्रजीत त्या शब्दाला आवेगाचा अर्थ चिकटला आहे. ‘दुःखसहन’ या सामासिक शब्दाने सोसण्याची क्रिया उघडी केली. अनुवाद मुळापेक्षा मुळाच्या मुळाजवळ गेला, असे येथे म्हणता येते. मात्र ‘पेन’मधील दंडाचा अर्थ मराठीत आणायचा कसा, ही अडचण राहिलीच. दुःख हे पापाचे फळ आहे हा विचार कर्मसिद्धांत मानणाऱ्या श्रोत्याला अपरिचित नव्हता. एकाने दुसऱ्याचा दंड आपल्या अंगावर घ्यावा, हा विचार अपरिचित होता. नारायण वामन टिळकांनी ही अडचण परिभाषेने सोडवली नाही. त्यांनी अभंगाचा आश्रय घेतला आणि ‘आर्त’, ‘तळमळ’, ‘ओढ’ यांची वारकरी भाषा ख्रिस्तापर्यंत नेली. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे पोहोचलो, या त्यांच्या प्रसिद्ध भूमिकेचा भाषिक अर्थ हाच आहे.

५

कोश आणि उपासना यांनी नामांना दिलेली बढती सर्वांत सहजपणे नाकारली ती लक्ष्मीबाई टिळकांनी. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त वियोग, अपत्यमृत्यू, आजारपण, प्लेगचा काळ, धर्मांतराने झालेली कुटुंबाची फाटाफूट हे सर्व आहे. १८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यानंतरची जवळजवळ पाच वर्षे पतिपत्नी विभक्त होती. पुढे अहमदनगर-राहुरीच्या परिसरात त्यांचा संसार पुन्हा उभा राहिला. अशा आयुष्याचे निवेदन ‘यातना’ आणि ‘व्यथा’ यांच्या भाराने वाकून जाणे शक्य होते. तसे झाले नाही. लक्ष्मीबाईंचे गद्य नामांवर थांबत नाही. ते माणसे काय करतात, काय बोलतात, कुठे बसतात, कुठे निघून जातात हे सांगते. दुःखाचे नाव न घेता दुःखाच्या दिवसातील कामे ते सांगते. विनोद हा त्यांच्या स्वभावाचा भाग म्हणून समीक्षेने नेहमी गौरविला आहे. परंतु त्या विनोदाचे एक भाषिक कारणही आहे. ज्या भाषेत दुखणे ही घटना असते, तिच्यात ते गोष्टीसारखे सांगता येते, आणि गोष्टीत हसण्याला जागा असते.

या पुस्तकाच्या इंग्रजी अनुवादांचा इतिहास म्हणूनच उद्‌बोधक आहे. जोसेफिन इंकस्टर यांचा १९५० मधील अनुवाद ‘आय फॉलो आफ्टर’ या नावाने आला. शीर्षकच पतीमागून जाणाऱ्या स्त्रीचे, आणि म्हणून भक्तीच्या व अनुसरणाच्या चौकटीचे आहे. शांता गोखले यांच्या २०१७ मधील अनुवादाने मूळ शीर्षक कायम ठेवले आणि उपशीर्षकात त्या स्त्रीच्या तडफेचा उल्लेख केला. दोन शीर्षकांमधील सदुसष्ट वर्षांत इंग्रजी वाचकाने लक्ष्मीबाईंच्या सोसण्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. आधीच्या शीर्षकात ते सोसणे समर्पण म्हणून उभे राहते, नंतरच्या शीर्षकात तडफ म्हणून. मूळ पुस्तक या दोहोंपैकी एकाची निवड करत नाही.

भाषेच्या दुसऱ्या टोकाला, त्याच शहरातील भुईकोट किल्ल्यात, १९४२ ते १९४५ या काळात काँग्रेसचे नेते स्थानबद्ध होते. मौलाना आझादांच्या पत्नी झुलेखा बेगम एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यात वारल्या. आझाद किल्ल्यातच होते आणि सरकारकडे सवलतीची विनंती करणे त्यांनी टाळले. ‘गुबार-ए-खातिर’मधील (१९४६) यासंबंधीचे पत्र उर्दू गद्यातील संयमाचा नमुना मानले जाते. फारसी काव्यपरंपरेने संपन्न अशा या लेखकाजवळ शोकाच्या शब्दांची वाण नव्हती; तरीही त्यांनी दिवसांचा क्रम, वर्तमानपत्र येण्याची वेळ, जेवणाच्या टेबलावरचे आपले वागणे यांचा आधार घेतला. शोक लपवण्याच्या प्रयत्नाचे वर्णन हेच येथे शोकाचे वर्णन होते. लक्ष्मीबाई आणि आझाद यांच्यात परंपरेचे वा शैलीचे काहीही साम्य नाही. पण दोघांच्याही लेखनातून एक गोष्ट सिद्ध होते: तीव्र दुःखात भाषा नष्ट होते असे नव्हे, ती नाम टाकून तपशिलाकडे वळते.

६

त्याच किल्ल्यात, त्याच वर्षांत, आचार्य नरेंद्र देव वसुबंधूच्या अभिधर्मकोशाच्या हिंदी अनुवादाच्या कामात होते. बौद्ध परिभाषेत ‘वेदना’ म्हणजे केवळ दुखणे नव्हे. विद्, म्हणजे जाणणे, या धातूपासून आलेला हा शब्द पंचस्कंधांपैकी एका स्कंधाचे नाव आहे. वेदना सुखद, दुःखद किंवा दोन्हीही नसलेली असू शकते. प्रतीत्यसमुत्पादाच्या साखळीत स्पर्शातून वेदना आणि वेदनेतून तृष्णा उत्पन्न होते. वेदनेच्या या ज्ञानात्मक अर्थाचा आधुनिक मराठी साहित्यविचाराशी संबंध पुढे, अगदी वेगळ्या मार्गाने, आला.

किल्ल्यात हे काम चालू असताना जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोल्याच्या धामणगावात आणि मुंबईच्या कावाखान्यात, १९३५ साली जन्मलेला दगडू मारुती पवार वाढत होता. ‘कोंडवाडा’ (१९७४) हा दया पवारांचा कवितासंग्रह आणि ‘बलुतं’ (१९७८) हे आत्मकथन यांनी मराठी साहित्यात जे घडवले ते सर्वज्ञात आहे. येथे त्यातील रचनेचा एकच विशेष प्रस्तुत आहे. ‘बलुतं’मध्ये दगडू आपली कहाणी दया पवारला सांगतो. भोगणारा आणि लिहिणारा हे एकाच माणसाचे दोन वाटे आहेत. भोगणाऱ्याजवळ गावची बोली आहे, लिहिणाऱ्याजवळ प्रमाण मराठी. ‘दुखणे’ आणि ‘दुःख’ यांच्यातील विसर्गाएवढे अंतर या पुस्तकाने निवेदनाची रचना म्हणून उभे केले.

याच काळात दलित साहित्याच्या समीक्षेने ‘वेदना, विद्रोह, नकार’ ही त्रयी रूढ केली. या त्रयीतील ‘वेदना’ हा तोच तत्सम शब्द आहे जो एकोणिसाव्या शतकात इंग्रजी नामाचा जोडीदार म्हणून प्रतिष्ठित झाला होता. पण येथे त्याचे कार्य पालटले. संस्कृत साहित्यशास्त्रात शोक हा स्थायिभाव करुण रसात परिणत होतो आणि रसिकाला आनंद देतो. दलित समीक्षेने हे परिणमन नाकारले. शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) या ग्रंथात आनंदावर आधारलेले सौंदर्यशास्त्र या साहित्याला अपुरे आहे असे आग्रहाने प्रतिपादिले. वेदना हा आस्वादाचा विषय नसून साक्ष आहे. ती एका व्यक्तीची नसून समूहाची आहे. आणि तिचे कारण दैवात किंवा पूर्वकर्मात नसून समाजरचनेत आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’च्या (१९५७) प्रास्ताविकात चार आर्यसत्यांच्या रूढ मांडणीबद्दल जी शंका उपस्थित केली, तिचा रोखही असाच होता. जन्मच दुःख असेल तर माणसाला आशा उरत नाही. दुःखाचे कारण बदलता येण्याजोगे असले पाहिजे.

अशा रीतीने ‘वेदना’ या शब्दात त्याचा विद्-मूलक अर्थ पुन्हा जागा झाला. वेदना म्हणजे जाणणे. समाजाविषयीचे असे ज्ञान जे ती न भोगणाऱ्याला उपलब्ध नसते. बौद्ध साखळीशी हा अर्थ ताडून पाहिला तर एक कठोर विसंगती समोर येते. अभिधर्माच्या दृष्टीने वेदना स्पर्शातून येते. अस्पृश्यतेत ती नाकारलेल्या स्पर्शातून येते. देहाला काहीही लागलेले नसते, तरी लागते. मराठीतील ‘लागणे’ हे क्रियापद धक्का, जखम, शब्द, तहान, वेड आणि विटाळ या सर्वांना पुरते. त्यामुळे या विसंगतीला मराठीत क्रियापद आहे. इंग्रजीत देहाच्या आणि मनाच्या वेदनेचा वाद येथे नव्याने मांडावा लागतो, कारण ‘हर्ट’ हा शब्द मुळात आघाताचा आणि मनासाठी तो रूपक म्हणून वापरला जातो. मराठीत बोल लागणे हे रूपक राहिलेले नाही. तो त्या क्रियापदाचा सरळ अर्थ आहे.

तरीही या प्रतिष्ठेची किंमत दलित समीक्षेला मोजावी लागली. ‘वेदना’ हा शब्द जसजसा निकष झाला तसतसा तो पुस्तके ओळखण्याचा शिक्का झाला. परीक्षणांतून आणि अभ्यासक्रमांतून ‘वेदनेचा उद्गार’ हे शब्द इतक्या वेळा आले की, त्यांच्या आडून दगडूची बोली ऐकू येईनाशी झाली. ज्या पुस्तकांत भूक, तराळकी, मेलेले ढोर ओढणे, शिव्या, लग्ने, हसणे हे सर्व आपापल्या क्रियापदांनी आले होते, त्यांचे सार एका तत्सम नामात काढले जाऊ लागले. इंग्रजी अनुवादांनी हे काम पुढे नेण्याचा धोका होता. जेरी पिंटो यांनी २०१५ मध्ये ‘बलुतं’चा अनुवाद करताना शीर्षकाला इंग्रजी प्रतिशब्द दिला नाही, हे महत्त्वाचे आहे. ‘बलुतं’ हा वेदनेचा शब्द नाही. तो गावगाड्यातील वाट्याचा, हक्काचा आणि वेठीचा शब्द आहे. दुखण्याचे कारण त्याच्यात आहे. दुखण्याचे नाव त्याच्यात नाही.

७

या इतिहासावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, वेदनेपुढे भाषा अपुरी पडते हा सिद्धांत नामप्रधान भाषाव्यवहारातून उद्भवलेला आहे. मराठीच्या बाबतीत शब्दांची टंचाई ही मूळ अडचण नाही. अडचण प्रतिष्ठेची आहे: कोणत्या शब्दाला कोश, शाळा, उपासना, दवाखाना आणि समीक्षा यांत प्रवेश मिळतो. वेणा, ठसठस, कसकस यांना तो मिळाला नाही. दुसरा निष्कर्ष असा की, दैहिक आणि मानसिक वेदनेची विभागणी मराठीने शब्दांनी कमी आणि लेखनाने अधिक केली, आणि त्या लेखनाचा संबंध साक्षरतेशी, म्हणून जातीशी व लिंगाशी आहे. तिसरा निष्कर्ष भाषांतरमीमांसेचा. ‘पेन’ आणि ‘वेदना’ हे समानार्थी आहेत असे धरून चालणारा अनुवादक दंडाचा शब्द ज्ञानाच्या शब्दासाठी वापरत असतो. दोन्ही शब्द देहापाशी भेटतात, परंतु ते वेगवेगळ्या दिशांनी आलेले असतात.

याचा व्यावहारिक भागही दुर्लक्षिण्यासारखा नाही. वैद्यकीय शिक्षण इंग्रजीतून आणि रुग्णाचे बोलणे मराठीतून असा व्यवहार जिल्ह्या-जिल्ह्यांत आजही चालतो. ‘रवरवते’, ‘भगभगते’, ‘शिवशिवते’ असे तीन वेगळे अनुभव सांगणाऱ्या बाईच्या केसपेपरवर एकच इंग्रजी नाम उतरते, आणि जे उतरत नाही त्यावर उपचार होण्याची शक्यता कमी होते. तिच्यापुढे भाषांतरित विशेषणांची प्रश्नावली ठेवणे हा उपाय अर्धाच आहे. तिच्या क्रियापदांपासून प्रश्नावली तयार करणे हे काम भाषाशास्त्र आणि वैद्यक यांनी मिळून करण्याचे आहे. साहित्यसमीक्षेचा वाटा त्यात लहान नाही. नेवासे, राहुरी आणि धामणगाव येथून निघालेल्या मजकुरांत दुखण्याची क्रियापदे कुठे येतात, कोणाच्या तोंडी येतात आणि कोणत्या ठिकाणी त्यांच्याऐवजी तत्सम नाम येते, याची ओळीने केलेली नोंद अद्याप उपलब्ध नाही. ती झाल्याशिवाय ‘वेदना’ हा निकष म्हणून वापरणे म्हणजे एका कोशातील नोंद दुसऱ्या कोशात उतरवून घेण्यासारखे आहे.